अकादमीचा कागद, एका पानात

कागद एका पानात बसत नव्हता, एवढीच अडचण होती.

माझी सगळी नोकरी त्यातच गेली आहे. नागपूरच्या ज्या प्रकाशनात मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासतो, तिथे दहावी-बारावीची गाइडं निघतात; माझ्या वाट्याला दहावीपर्यंतची येतात. गाइडाचा पहिला नियम असा, की उत्तर एका पानावर मावलं पाहिजे. पान उलटावं लागलं की पोरगं पुस्तक मिटतं. त्यामुळे ‘बऱ्याच वेळा’, ‘आतापर्यंत असे आढळले आहे की’, ‘याविषयी अजून मतभेद आहेत’ असलं काही दिसलं, की माझी लाल पेन्सिल मला न विचारता चालू लागते. उत्तर कसं हवं? ठाम. खाली अधोरेखित. दोन गुणांचं. या हिशेबाने मी दहावीपर्यंतचं विज्ञान अठ्ठावीस वेळा वाचलेलं आहे. अकरावीपासून पुढे माझ्याकडे अंधार आहे, पण ही गोष्ट नात्यागोत्यात कुणाला माहीत नाही. तिथे मी ‘सायन्समधला माणूस’ आहे.

तर देशाच्या विज्ञान अकादमीने सिकलसेलवर तयार केलेला एक माहितीचा कागद मराठी करायला माझ्याकडे आला, आणि माझं मराठी झालं सव्वा पान. मी जास्तीचं पाव पान कापलं. कागद कसा दिसायला लागला म्हणता! मी त्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘देशाच्या विज्ञान अकादमीचा कागद. सर्वांनी वाचावा.’ खाली बारीक अक्षरात अनुवादक म्हणून माझं नाव. फार बारीकही नव्हतं.

हे काम दिलेलं होतं माझ्या मुलीने, आणि देताना तिने बजावलं होतं, “बाबा, तपासून होईपर्यंत कुणालाच दाखवू नका.” मला ते पक्कं आठवत होतं. ‘कुणालाच’ म्हणजे बाहेरच्या कुणाला, असा अर्थ मी माझ्या सोयीने घेतला.

मुलगी दक्षिणेतल्या एका शहरात संशोधन करते. इकडे नागपुरात, बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटणारे लोक विचारतात, “नोकरी पर्मनंट आहे का?” मी ‘होईल’ म्हणतो आणि माझा मजला येतो. खरं म्हणजे तिला अकादमीची तीन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. काचेत केसाएवढी बारीक नळी कोरून ती त्यातून सिकलच्या पेशी सोडते आणि त्या कुठे अडकतात ते बघत बसते. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. त्या जिथे अडकतात तिथे माणूस ओरडतो. तिने हाच विषय काहून घेतला, हे आमच्या घरात कुणी तिला विचारलं नाही. तिच्या आतेबहिणीला सिकल आहे.

पहिलं दीड वर्ष तिच्या नळीतून काहीच निघालं नाही. मग अकादमीच्या समितीपुढे जायची वेळ आली. त्या दिवशी माझी बायको, जी इथल्याच शाळेत प्राथमिकच्या पोरांना शिकवते, वर्गात असताना तीनदा बाहेर येऊन फोन बघून गेली. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“काय म्हणाले?”

“मी त्यांना सांगितलं, मी जे धरून चालले होते ते चुकलं.”

“असं तोंडावर सांगितलं?”

“मग कुठं सांगू? ते म्हणाले, कसं चुकलं ते नीट लिहून ठेव, दुसऱ्या कुणाचं तरी दीड वर्ष वाचेल. आणि मग विचारलं, आता पुढचा प्रश्न काय?”

“आणि शिष्यवृत्ती?”

“चालू आहे ना बाबा. त्यासाठीच तर असते ती.”

मला हे पटायला वेळ लागला. आमच्या प्रकाशनात चूक सापडली, तर आधी छापखान्याचं नाव घ्यायचं आणि मग जेवायचा डबा उघडायचा, अशी पद्धत आहे. चुकलो म्हणून सांगायचं आणि वर पुढचं काम मिळवायचं, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

याच अकादमीने लोकांसाठी सोप्या भाषेत कागद काढायचं मनावर घेतलं होतं. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ मिळून मूळ मजकूर लिहितात, एकेका वाक्यावर महिनोन्महिने भांडतात, मग त्याचा अनुवाद होतो. त्यानंतर मूळ कागद न पाहिलेला एक वेगळाच माणूस तो मराठी मजकूर परत इंग्रजीत आणतो. दोन इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून पाहतात, वाटेत काय सांडलं. मुलीने हे सांगितलं तेव्हा मला थोडा रागच आला होता. माझ्या मराठीच्या मागे पोलीस सोडल्यासारखं वाटलं.

थोरल्या बहिणीला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. माझी बायकोही. बाई उमरेडला राहते, अंगणवाडीतून निवृत्त झाली, नवरा नाही. एकच मुलगी, बावीस वर्षांची. माझी भाची हुशार आहे, बोलायला तिखट आहे, आणि वर्षातून चार-सहा वेळा तिच्या हाडांत असं काही दुखतं, की ती उशी तोंडात धरते. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला रोज घ्यायची एक कॅप्सूल कधीच लिहून दिलेली होती. बाईने ती सुरू होऊ दिली नाही. औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी पाहून विचारलं होतं, “कॅन्सर कोणाले आहे?” त्या एका प्रश्नावर तीन वर्षं गेली. मी सांगून पाहिलं, माझ्या मुलीने सांगून पाहिलं. बाई म्हणायची, “पोरीले सिकल आहे थे पुरे. आता कॅन्सरची गोळी देऊन दुसरं काही लावून घेऊ काय?”

मग माझा कागद गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

“भाऊ, तुह्या कागदानं माहं डोकं हलकं केलं गा. एका दमात वाचून काढला. ‘या औषधाने वेदनेचे झटके थांबतात.’ बस, मले एवढंच पाहिजे होतं. आजपासून सुरू करतो गोळी.”

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, “बघ. तीन वर्षं डॉक्टरांना जमलं नाही.” ती पोळ्या लाटत होती. तिने वर पाहिलं आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

बाई तिथेच थांबली नाही. त्यांच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली, की कुणीतरी उभं राहून काहीतरी वाचून दाखवतं. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे ही. जो शिकला त्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. छापलेल्या कागदाला तिथे मान आहे, कारण तो वाचता येणं हेच आमच्या लोकांनी दोन पिढ्यांपूर्वी मिळवलेलं आहे. बाईने माझा कागद वाचला. वस्तीत आणखी चार घरांत सिकल होतं. चारही घरांनी झेरॉक्स काढून नेली. बाईने आपली प्रत लॅमिनेट करून घेतली.

पंधराएक दिवसांनी मुलीचा फोन आला.

“बाबा, तुमचा कागद परत फिरून आला.”

“कसा वाटला लोकांना?”

“मराठी फार छान आहे म्हणाले. फक्त तो आमचा कागद नाही म्हणाले.”

मी हसलो. ती हसली नाही.

“‘झटके थांबतात’ कुठून आणलं तुम्ही?”

“तुमच्याच वाक्यातून. थोडं मोकळं केलं.”

“आमच्या वाक्यात आहे, बऱ्याच रुग्णांमध्ये झटके कमी होतात. सगळ्यांमध्ये सारखे नाही. परिणाम दिसायला काही महिने लागू शकतात. ते कुठं गेलं? आणि खालचा पूर्ण परिच्छेद? गोळी चालू असली तरी पाणी भरपूर प्यायचं, थंडीत जपायचं, ताप आला तर थेट दवाखाना, मधूनमधून रक्त तपासायचं?”

“अगं, ते सगळ्यांना माहीतच असतं. पान वाढत होतं.”

मग ती म्हणाली, “कुणाला दाखवला तर नाही ना बाबा?”

“नाही नाही,” मी म्हटलं. “घरातच आहे.”

दुरुस्त कागद तयार झाला. तो दीड पान झाला. मी तो ग्रुपवर टाकला, वर फक्त ‘सुधारित’ असं लिहून. काय सुधारलं, काहून सुधारलं, काही नाही. माझ्या वर एका चुलतभावाच्या वास्तूचे सतरा फोटो होते आणि खाली कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात घातलेलं होतं. मधल्या माझ्या दीड पानाला एक अंगठा आला. तो माझ्या बायकोचा होता.

बाईला मी फोन केला नाही. मनाला सांगितलं, गोळी एकदाची सुरू झाली आहे, आता उगीच शंका कशाला घालायची? हे कारण मला इतकं चांगलं वाटलं, की त्याच्या मागे दुसरं एक कारण उभं होतं ते मी नीट पाहिलंच नाही. बाईच्या कपाटावर माझं नाव लॅमिनेट होऊन उभं होतं.

जानेवारीत भाचीची भरतीची परीक्षा आली. केंद्र वाडीला होतं, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या पुढे. ती आदल्या दिवशी एसटीने आमच्याकडे आली. तिला ही नोकरी हवी होती, आणि ती का हवी होती हे तिने दारातच सांगून टाकलं. “मामा, नोकरी लागली का मंग कोणी पाह्यले आलं तं मी पहिले माहं कार्ड दाखवीन. सिकल आहे, पगार पण आहे. पटत असन तं बसा.”

बायकोने तिला पाणी दिलं. ती घटाघट तीन पेले प्यायली.

“सकाळपासून काही प्यायली होती का नाही वं?”

“मामी, बसमध्ये कोठी पिऊ? मंधात उतरायले जागा नाही. स्टँडवरचं बाथरूम तं पाह्यलंच असन तुम्ही. एक चाय घेतली होती.”

मी तिथेच बसलेलो होतो. ऐकलं. माझ्या डोक्यात काहीही वाजलं नाही. जो परिच्छेद मी माझ्या हाताने कापला होता, तो माझ्याच हॉलमध्ये माझ्याशी बोलत होता, आणि मी तिला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारत होतो.

सकाळी कडाक्याची थंडी होती. बायको म्हणाली, ऑटो करा. मी म्हटलं, ऑटोवाला रिंग रोडला उशीर करेल, मी सोडतो स्कूटरवर. तिच्या अंगात स्वेटर होता, डोक्याला ओढणी होती, माझ्या पाठीचा आडोसा होता. वाटेत तिने एकदा म्हटलं, “मामा, लई थंडी लागून राहिली.” मी म्हटलं, “आलंच.” वाडीच्या नाक्यापासून ट्रकांची रांग लागलेली होती. त्या रांगेच्या कडेने निघालो, तेव्हा तिने माझा खांदा धरला. आधी धरला, मग दाबला.

“मामा, थांबा.”

एका गोदामासमोर माल उतरवायचा ओटा होता, त्यावर ती बसली. आधी गुडघे, मग कंबर, मग पाठ. तिचा चेहरा मला ओळखू येईना. एका ट्रक ड्रायव्हरने खाली उतरून आपली चादर दिली आणि स्वतःच ऑटो थांबवायला धावला. परीक्षा केंद्राचं फाटक तिथून दिसत होतं. पोरं-पोरी हातात कागद घेऊन आत जात होती. ती दात आवळून तिकडेच पाहत होती.

“मामा,” ती म्हणाली, “गेट लागून राहिलं.”

मी वळून पाहिलं. फाटक लागत होतं. मी काय करणार होतो? धावत जाऊन सांगणार होतो की थांबा, ही माझी भाची आहे, आणि मी अनुवादक आहे?

दवाखान्यात सलाईन लागली, दुखण्याचं औषध सुरू झालं. डॉक्टर मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची होती. तिने विचारलं, “काल पाणी किती प्यायली होती? आज कशावर आणलं?”

“स्कूटरवर,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाली, गोळी बंद करू नका, दोनच महिने झालेत, वेळ द्यावा लागतो.

बाई दुपारच्या एसटीने आली. भाचीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. मग पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि पलंगावर, माझ्यापुढे ठेवला.

“वाच.”

“बाई, आता...”

“वाच म्हणतो ना.”

मी वाचलं. या औषधाने वेदनेचे झटके थांबतात.

“थांबले काय?”

तेव्हा मी सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी सांगायचं ते तेव्हा. हे वाक्य माझं आहे, अकादमीचं नाही. मी पान वाचवलं. खरा कागद वेगळा आहे, हा बघ. मी मोबाईल पुढे केला. बाईने चष्मा लावून दीड पान सावकाश वाचलं. अंगणवाडीची रजिस्टरं भरलेली बाई आहे, ओळ सोडत नाही.

“‘बऱ्याच रुग्णांमध्ये.’ ‘काही महिने लागू शकतात.’ ‘सारखा नसतो.’” तिने फोन मला परत दिला. “पहिले पक्कं होतं. आता पातळ झालं.”

“हेच खरं आहे बाई. ते खोटं होतं.”

“सगळे असंच करते गा. काम बिघडलं का कागद बदलते.”

“अकादमीचा यात काही दोष नाही.”

“वरतं तं नाव त्याईचंच होतं ना? अन् खाली तुहं. मी कोणाले पाहून पोरीच्या तोंडात गोळी टाकली?”

भाची डोळे मिटून पडलेली होती. झोपलेली नव्हती.

गोळी बंद झाली. पुढच्या रविवारी बाई विहारात उभी राहिली आणि म्हणाली, मी तुम्हाला जो कागद वाचून दाखवला तो बरोबर नव्हता, तो मी परत घेतो, ज्याने त्याने आपलं पाहावं. मला हे भाचीने फोनवर सांगितलं. जे मला घरच्या ग्रुपवर जमलं नव्हतं, ते बाईने सगळ्या वस्तीसमोर केलं. माझी मुलगी म्हणाली, “आत्या आमच्या समितीत पाहिजे होती.” मग ती फोनवर रडली. अकादमीने कागदावर केलेली ती सगळी भांडणं, तो उलटसुलट अनुवाद, ते सगळं बरोबर चाललं होतं. जिथे जायचं होतं तिथे बरोबर कागद गेलाही. फक्त तिच्या आतेबहिणीच्या घरी तिच्या बापाचा गेला.

अकादमीचे एक जुने सदस्य नागपूरलाच राहतात. निवृत्त आहेत. माझ्या मराठीची शेवटची तपासणी त्यांनीच केली होती. मुलीने त्यांना सगळं सांगितलं, आणि एका सकाळी त्यांचा मला फोन आला. आता शिव्या बसणार म्हणून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

“त्या चार घरांपैकी किती जणांनी गोळी सोडली?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही सर.”

“मग जाऊन विचारू या. रविवारी जमेल तुम्हाला?”

ते एसटीनेच आले. बरोबर पाण्याची बाटली आणि चण्याची पुडी. विहारात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती, ती त्यांनी बाजूला केली आणि सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. भाषण केलं नाही. म्हणाले, “कागद आमचाच. पूर्ण तपासून होण्याआधी तो तुमच्यापर्यंत आला. वाचणाऱ्या ताईंची त्यात चूक नाही.” त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मागून एकजण म्हणाला, “साहेब, हे कॅन्सरचं औषध आहे का नाही? खरं सांगा.”

“आहे,” ते म्हणाले. “कॅन्सरमध्ये देतात. सिकलमध्येही देतात. कारण वेगळं, प्रमाण वेगळं.”

कुजबूज झाली. मी असतो तर तो ‘आहे’ कापला असता.

मग बाई उठली. “सर, मी एकच विचारतो. माह्या पोरीनं गोळी घेतली तं पुन्हा झटका येईन का नाही?”

त्यांनी चष्मा काढला. “येऊ शकतो.”

“मंग काहून घ्यायची?”

“न घेता जेवढे येतील, त्याहून कमी येण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत किती कमी, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. वर्षभर घेतली, रक्त तपासत राहिलो, पाणी-थंडीचं सांभाळलं, तर तिचं तिलाच दिसेल.”

“म्हणजे तुम्हाले माहीत नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल नाही.”

माझी मुलगी तिच्या समितीसमोर असंच बोलली होती, आणि तिला पुढचा प्रश्न विचारला गेला होता. इथे पुढचा प्रश्न आला नाही. लोक गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. वस्तीतली एक शेजारीण तेवढी सरांजवळ आली आणि रक्त कुठे तपासतात, सकाळी उपाशी यावं लागतं का, असं विचारून गेली. चारांतलं ते एक घर. बाकीच्या तीन घरांनी नमस्कार केला आणि चपला शोधल्या.

बाईने सरांना घरी नेलं, स्वतःच्या हाताने पोहे वाढले, वर तर्री घालताना विचारलं, तिखट चालतं ना? जेवण झाल्यावर ती मला अंगणात घेऊन आली.

“मानूस खरा आहे गा.”

माझ्या अंगात एकदम जीव आला. “मग, सुरू करतेस ना?”

“खरा आहे म्हणूनच तं भेव लागलं. तुह्या कागदानं भेव तरी नव्हतं लागत.”

आत गेली. मी तुळया मोजत असल्यासारखा छपराकडे पाहत उभा राहिलो. भाची दारात आली. परीक्षेचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

“मामा, तुम्ही सांगा. घेऊ का?”

तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एका ओळीचं उत्तर होतं, अधोरेखित. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं, “मला सांगता येत नाही.” सरांचंच वाक्य. त्यांच्या तोंडी त्यामागे चाळीस वर्षं उभी होती. माझ्या तोंडी ते नुसतं रिकामं भांडं वाजल्यासारखं वाजलं.

“डॉक्टर तर घे म्हणतात,” मी म्हटलं.

“डॉक्टरचं मले माहीत आहे. तुम्ही काय म्हणता?”

“बाळा, मी तर दहावीपर्यंतचाच आहे.”

ती हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच हसली असेल. हसता हसता आत गेली, आणि घेणार की नाही ते काही बोलली नाही. आई घरात असताना ती घेणार नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तीन वर्षं तीच आईला मनवत होती, आणि शेवटी माझा कागद पुढे करून तिने ते जमवलं होतं. आता पुढे करायला तिच्याकडे काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी सरांना विचारलं, “तुम्ही थोडं ठाम बोलला असता तर? निदान एवढ्यापुरतं?”

ते खिडकीबाहेर पाहत होते. “ठाम बोलणारे त्यांच्याकडे एकदा येऊन गेले ना,” म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. थोड्या वेळाने त्यांनी चण्याची पुडी माझ्यापुढे धरली. “असं बऱ्याचदा होतं हो. कधी एखादं घर मिळतं. मग त्या घराकडे परत परत जायचं. दुसरं काही आम्हालाही येत नाही.” मग त्यांनी डोळे मिटले. माझ्या हातात चणे तसेच राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. बायको शाळेच्या वह्या तपासत बसलेली होती. मी काय झालं ते सांगायला लागलो, तर तिने हात वर करून थांबवलं, हातातली वही पुरी केली आणि चष्मा काढून ठेवला.

“बाईंचा फोन आला होता,” ती म्हणाली. “तुम्ही पोचले का विचारत होत्या. सरांना खिडकीची जागा भेटली का, तेही विचारलं. गोळीचं काही नाही. मंग मीच काढला विषय. म्हटलं, मंगळवारी पोरीले इकडे पाठवा, मी नेतो तिले तपासणीले. गोळी घेवो का न घेवो, रक्त तं पाहून घेऊ. हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. मी मंगळवारची सुटी टाकून दिली आहे.”